स्पर्धेला दोन महिने उरलेत: कर्लिंग संघाने सराव कशाचा करावा, आणि पाचव्या खेळाडूचं काम काय?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुमची मुलगी परदेशातच लहानाची मोठी झाली आणि तिथल्या राष्ट्रीय महिला कर्लिंग संघात पाचवी, म्हणजे राखीव खेळाडू म्हणून निवडली गेली आहे. (कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत समोरच्या वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवायचा, चौघांच्या संघांचा खेळ.) आंतरराष्ट्रीय स्पर्धा दोन महिन्यांवर आली आहे. त्या देशात फक्त कर्लिंगसाठी बांधलेलं मैदान नाही, आठवड्यातून एकदा आइस हॉकीच्या रिंकवर जागा मिळते. प्रशिक्षकांना उरलेला वेळ डावपेचांवर द्यायचा आहे, मुलींना फेकीचा सराव वाढवून हवा आहे. आणि तुमच्या मुलीला वाटतंय की बाकावरच बसायचं असेल तर परीक्षा पुढे ढकलून, एवढा खर्च करून जायचं कशाला.

मी कॅनडात राहतो आणि बरीच वर्षं कर्लिंग शिकवतो. मोठ्या देशांच्या पदकविजेत्या संघांशी माझा संबंध आला नाही. माझं काम बहुतेक तुम्ही वर्णन केलंय तशाच संघांबरोबर झालं: नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळणारे, वेगवेगळ्या शहरांत राहणारे, हॉकीच्या बर्फावर शिकलेले खेळाडू, ज्यांना वर्षातून एकदा खऱ्या स्पर्धेच्या बर्फावर उतरायला मिळतं. त्या अनुभवावरून माझं मत असं आहे की अशा संघाचं पहिलं काम म्हणजे अनोळखी बर्फ आणि अनोळखी दगड चटकन ओळखायला शिकणं. नेम आणि डावपेच त्यानंतर येतात. आणि हे ओळखण्याचं निम्मं काम पाचव्या खेळाडूकडे असतं. त्यामुळे तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात.

काही गोष्टी तुमच्या पत्रावरून कळत नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. मुलींची फेक सरळ जाते का? संघटनेकडे किती पैसा आहे? स्पर्धेच्या गावी किंवा वाटेत दोन-चार दिवस चांगला बर्फ मिळू शकतो का? मी असं धरून चालतो की स्पर्धा पॅन कॉन्टिनेंटलसारखी आहे. अमेरिका खंड, आशिया आणि ओशनियातल्या देशांची ही स्पर्धा 2022 मध्ये कॅलगरीत पहिल्यांदा झाली आणि तिच्यात नवख्या देशांसाठी ब विभाग असतो. संघ युरोपातला असेल तर स्पर्धेचं नाव बदलेल, पुढचं सगळं तेच राहील.

आता बर्फाबद्दल, कारण सगळी गोम तिथेच आहे. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं की बर्फ म्हणजे बर्फ. हॉकीच्या रिंकवर यंत्र फिरवून पाण्याचा थर देतात. स्केटच्या पात्याला गुळगुळीत पृष्ठभाग हवा असतो, पाणसळीने तपासलेली सपाटी हॉकीला लागत नाही. तिथे दगड सोडला की तो कुठल्या तरी खोलगट भागाकडे घसरतो, मधेच अडतो, कधी वळायच्या दिशेच्या उलट जातो. कर्लिंगच्या बर्फासाठी क्षार काढलेलं पाणी वापरतात, पृष्ठभाग रोज खरवडून समतल करतात आणि प्रत्येक सामन्याआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून खडबडीत दाणे होतात, त्यांना पेबल म्हणतात. मग एका पात्याने त्या दाण्यांचे शेंडे छाटले जातात. सुमारे 20 किलोचा ग्रॅनाइटचा दगड तळाच्या अगदी अरुंद, काही मिलिमीटर रुंदीच्या कड्यावर टेकलेला असतो आणि तो या छाटलेल्या दाण्यांवरून सरकतो. दगड फिरत फिरत ज्या दिशेला वळतो तो नेमका का वळतो, यावर भौतिकशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. खेळाडूला कारण माहीत नसलं तरी चालतं, आज या शीटवर, म्हणजे बर्फाच्या या पट्टीवर, तो किती वळतोय हे मात्र कळावं लागतं.

फरक किती पडतो ते आकड्यांत सांगतो. दगड फेकणाऱ्याच्या बाजूची हॉग लाइन (जिच्याआधी दगड हातातून सोडावा लागतो ती रेघ) ओलांडल्यापासून समोरच्या हाउसमधल्या, म्हणजे लक्ष्याच्या वर्तुळांमधल्या, टी लाइनवर (मध्यातून जाणाऱ्या आडव्या रेघेवर) येऊन थांबेपर्यंत किती सेकंद लागतात, यावरून बर्फाचा वेग मोजतात. चांगल्या स्पर्धेत हा आकडा साधारण 24 ते 25 सेकंद असतो. हॉकीच्या बर्फावर तो 20-21 च्या आसपास असणं नेहमीचं आहे. आकडा मोठा म्हणजे बर्फ वेगवान, कारण हळू सोडलेला दगडसुद्धा रेंगाळत पोचतो. म्हणजे तुमच्या मुलींच्या पायांना जो जोर पाठ झालाय, तो स्पर्धेत दगड हाउसच्या पलीकडे घेऊन जाईल. असे संघ मी पाहिले आहेत. पहिले दोन सामने दगड मागे निघून जातात, मग घाबरून सगळे हात आखडतात आणि पुढचे दोन सामने दगड हाउसच्या अलीकडेच थांबतात. पाचव्या सामन्यापर्यंत जोर बसतो, पण तोवर गटातून पुढे जायची संधी हातची गेलेली असते. या संघांची फेक वाईट नव्हती. त्यांना नव्या वेगाशी जुळवून घ्यायची सवय नव्हती.

क्रिकेटमध्ये कर्णधार सकाळी खेळपट्टी वाचतो, तसंच हे आहे असं समजा. फरक इतकाच की इथे शेजारशेजारच्या शीट वेगळ्या वागतात आणि एकाच सामन्यात पेबल झिजत जातं. ज्या वाटेवरून दगड जास्त गेले ती वाट आणि कोरी वाट यांचा वेग वेगळा होतो. प्रेक्षक भरले की हवेतला दमटपणा वाढतो आणि बर्फावर बारीक हिम धरू शकतं. दुपारी बरोबर असलेला अंदाज रात्री चुकतो.

मग प्रश्न येतो की खराब बर्फावर राहून या बदलाची तयारी कशी करायची. मी जवळजवळ प्रत्येक संघाला एक सराव करायला लावतो. फेकणारी खेळाडू सरकायला लागली की आपल्या बाजूच्या हाउसमागच्या बॅक लाइनपासून त्याच बाजूच्या हॉग लाइनपर्यंतचा वेळ एकजण स्टॉपवॉचवर घेते. हे अंतर आठ मीटरहून थोडं जास्त असतं. दगड सुटल्याबरोबर फेकणारीने स्वतः आपला वेळ मोठ्याने सांगायचा, ‘तीन पॉइंट सहा’ असा, आणि त्यानंतरच घड्याळाचा आकडा तिला सांगायचा. दगड कुठे थांबला ते बघायचंसुद्धा नाही. वहीत तिचा अंदाज आणि घड्याळाचा आकडा, एवढंच लिहायचं. सुरुवातीला दोन-दोन दशांशांचा फरक असतो. काही आठवड्यांत तो अर्ध्या दशांशावर येतो. या अंतरात एक दशांश सेकंद इकडेतिकडे झाला तर दगड दीड-दोन मीटर पुढे किंवा मागे थांबतो, म्हणून ही जाणीव फार मोलाची आहे. पुढच्या टप्प्यात मी उलट करतो: ‘तीन पॉइंट चार दे’, ‘आता तीन पॉइंट आठ दे’ असं सांगून वेग मुद्दाम बदलत राहायला लावतो.

या सरावाचं बलस्थान असं की त्याला चांगला बर्फ लागत नाही. दगड हॉग लाइनपुढे जाऊन कुठल्या खड्ड्यात वळला याने काहीच बिघडत नाही. जी मुलगी आपल्या शरीराचा वेग ओळखते, तिला स्पर्धेत ‘इथे 3.9 लागतंय’ एवढं सांगितलं की ती पाच-सहा फेकींत तिथे पोचते. जिला फक्त नेहमीचा एकच जोर ठाऊक आहे ती तीन दिवस चाचपडते. मुलींना फेकीचा सराव हवा आहे ना? तर तो असा करा. आहे त्या रिंकवर बटनावर, म्हणजे हाउसच्या मध्यबिंदूवर, दगड बसवण्याचा सराव तासन्‌तास केला तर त्या रिंकचे उंचसखल भाग पाठ होतील, आणि ते ज्ञान विमानतळापर्यंतसुद्धा उपयोगी पडणार नाही.

फेकीची दिशाही हॉकीच्या बर्फावर तपासता येते. स्किपच्या, म्हणजे पलीकडे उभ्या कर्णधाराच्या, ब्रूमकडे (झाडूकडे) दगड सरळ सुटला का, हे हॉग लाइनपर्यंत दिसतं. मागून मोबाइलवर चित्रीकरण करा आणि संध्याकाळी एकमेकींना दाखवा.

दुसरी सवय सामन्याआधीच्या सरावाची. आंतरराष्ट्रीय सामन्यापूर्वी प्रत्येक संघाला त्या शीटवर दहा मिनिटांहूनही कमी वेळ मिळतो आणि लगेच लास्ट स्टोन ड्रॉ होतो. दोन वेगळ्या खेळाडूंनी एकेक दगड बटनाच्या दिशेने सोडायचा, एक घड्याळाच्या दिशेने फिरवून आणि एक उलट. दोन्हींचं बटनापासूनचं अंतर मोजून बेरीज करतात आणि ज्यांची बेरीज कमी त्यांना पहिल्या एंडमध्ये (दोन्ही संघांनी आठ-आठ दगड टाकायची एक फेरी) शेवटचा दगड, म्हणजे हॅमर घ्यायचा की नाही हे ठरवता येतं. दगड हाउसमध्ये आलाच नाही तर 199.6 सेंटीमीटर लिहितात. छोटे संघ याकडे नाणेफेक असल्यासारखं बघतात. पण या अंतरांची सरासरी स्पर्धाभर जमा होत असते आणि संघांची गुणसंख्या सारखी झाली, आपसातल्या सामन्यांवरूनही निकाल लागला नाही, तर क्रम या सरासरीवरून लागतो.

2022 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या गटात हेच घडलं. नऊ-नऊ सामने झाले तेव्हा ब्रिटन, जपान आणि कॅनडा तिघांचेही पाच विजय आणि चार पराभव होते. कॅनडाने ब्रिटनला हरवलं होतं, ब्रिटनने जपानला आणि जपानने कॅनडाला, म्हणजे आपसातही बरोबरी. उपांत्य फेरीत जागा दोनच होत्या. शेवटी या ड्रॉची सरासरी पाहिली गेली. ब्रिटन तिसरं, जपान चौथं आणि जेनिफर जोन्सचा कॅनडा बाहेर. मग ईव्ह म्युअरहेडच्या ब्रिटिश संघाने उपांत्य सामन्यात स्वीडनला जादा एंडमध्ये 12-11 ने हरवलं आणि अंतिम सामन्यात जपानला 10-3 ने. एक सुवर्ण आणि एक रौप्यपदक सामना सुरू होण्यापूर्वीच्या दोन-दोन दगडांमुळे शक्य झालं. तुमच्या संघाला मी हे आवर्जून सांगेन.

तेव्हा आजपासून प्रत्येक सरावाची सुरुवात याच पद्धतीने करा. नऊ मिनिटं घड्याळ लावा, कुणी कुठला दगड कुठल्या क्रमाने फेकायचा ते ठरवून ठेवा, मग दोन दगड सोडा आणि टेप लावून अंतर मोजा. वहीत तारीख, खेळाडू, फिरवण्याची दिशा, अंतर लिहा. दोन महिन्यांनी हा ड्रॉ कुणी टाकायचा याचं उत्तर वहीच देईल. बर्फ वाईट म्हणून आकडे मोठे येतील, येऊ द्या. तुलना आपसातच करायची आहे.

तिसरी गोष्ट बोलण्याची. दगड फेकल्यावर तो किती लांब जाईल हे सर्वांत आधी स्वीप करणाऱ्या, म्हणजे दगडापुढचा बर्फ ब्रूमने घासणाऱ्या, दोघींना कळतं, आणि तो वळून कुठे येईल हे पलीकडे उभ्या स्किपला दिसतं. ही माहिती दोन-तीन सेकंदांत एकीकडून दुसरीकडे पोचावी लागते. म्हणून हाउसचे भाग आकड्यांत पाडतात. बऱ्याच संघांत 7 म्हणजे बटनावर, 4 म्हणजे हाउसच्या पुढच्या कडेवर, 10 म्हणजे मागच्या कडेवर, आणि 1 ते 3 म्हणजे हाउससमोरचे गार्ड, म्हणजे आडोशाचे दगड. ‘जोर आहे’, ‘बरा आहे’ अशा शब्दांनी गोंधळ होतो. ‘सहा, आता साडेसहा’ म्हटलं की स्किपला लगेच समजतं. तुमच्या मुलींनी कुठलेही आकडे घ्यावेत, पण पाचही जणींचे आकडे एकच हवेत. खराब बर्फावर हा सराव उलट जास्त चांगला होतो, कारण दगड अनपेक्षित वागतो आणि स्वीपर्सना सतत अंदाज बदलून सांगावा लागतो.

स्वीपिंगबद्दल एक व्यवहाराची सूचना. 2015 मध्ये काही ब्रूमच्या कापडामुळे दगडाची दिशा नको तितकी बदलता येते म्हणून मोठा वाद झाला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मान्यताप्राप्त यादीतलीच ब्रूमची डोकी चालतात. स्थानिक पातळीवर कुणी हे तपासत नाही. तुमच्या स्पर्धेसाठी लागू असलेली यादी आताच उघडून बघा आणि सराव त्याच डोक्यांनी करा, कारण ब्रूम बदलला की दगड किती पुढे ओढता येतो याचा अंदाजही बदलतो.

आता डावपेच. प्रशिक्षकांचा आग्रह मी समजू शकतो. पाच दगडांचा नियम आहे, म्हणजे एंडच्या पहिल्या पाच दगडांपर्यंत प्रतिस्पर्ध्याचे हाउसपुढचे गार्ड खेळाबाहेर काढता येत नाहीत, त्यामुळे हाउससमोर गर्दी होते आणि विचार करावा लागतो. पण डावपेचांना बर्फ लागत नाही. संध्याकाळी सगळ्यांनी ऑनलाइन बसून, जुन्या सामन्यांचं चित्रीकरण थांबवत ‘आता तू काय खेळशील’ असं विचारत हे काम होतं. नवख्या संघासाठी हॅमर असताना दोन गुण, नसताना समोरच्याला एकावर रोखणं, आणि शेवटचे तीन एंड पुढे असताना कसे व मागे असताना कसे, एवढं एका कागदावर मावतं. बर्फावरचा एक तासही यासाठी खर्चू नये असं माझं ठाम मत आहे.

घड्याळाचा सराव मात्र बर्फावरच करा. दहा एंडच्या सामन्यात प्रत्येक संघाला विचार करायला एकूण 38 मिनिटं मिळतात, आठ एंडच्या सामन्यात 30. तुमच्या स्पर्धेत किती एंड आहेत ते नियमपुस्तिकेत बघा. 38 मिनिटं खूप वाटतात, पण 80 दगडांत वाटली की एका दगडाला अठ्ठावीस-एकोणतीस सेकंद येतात. वेळ संपली तर सामना गमवावा लागतो. क्लबात घड्याळ नसतं, त्यामुळे स्किप आणि थर्ड (तिसरी फेकणारी) हाउसमध्ये उभ्या राहून आरामात चर्चा करतात, ती सवय दोन महिन्यांत मोडायला हवी. प्रशिक्षक टाइमआउट किंवा मधली विश्रांती सोडून एरवी बोलू शकत नाहीत, हेही मुलींना आधीच अंगवळणी पडलेलं बरं.

पैशाबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण प्रत्येक छोट्या संघटनेपुढे तो प्रश्न असतोच. संघटनेकडे बाहेरचा डावपेच-तज्ज्ञ बोलवण्याइतके किंवा स्पर्धेआधी चार दिवस खऱ्या कर्लिंग क्लबमध्ये राहण्याइतके पैसे असतील, दोन्हींना पुरणार नसतील, तर बर्फ घ्या. शक्य असेल तर त्या गावातल्या एखाद्या स्थानिक स्पर्धेत नाव द्या आणि हरा. ऑस्ट्रेलियाच्या टाली गिल आणि डीन ह्यूइट यांचं उदाहरण मी नेहमी देतो. त्यांच्या देशात तेव्हा फक्त कर्लिंगसाठीचं एकही मैदान नव्हतं. तरी 2019 मध्ये स्टॅव्हँगरच्या जागतिक मिश्र दुहेरीत ते चौथे आले, आणि डिसेंबर 2021 मध्ये लीउवार्डनच्या पात्रता स्पर्धेतून बीजिंगला पोचले. ऑलिम्पिकसाठी पात्र ठरलेला ऑस्ट्रेलियाचा तो पहिलाच कर्लिंग संघ. बीजिंगमध्ये पहिले सातही सामने हरल्यावर त्यांनी शेवटच्या दोन सामन्यांत स्वित्झर्लंड आणि कॅनडा यांना हरवलं.

कुणी तुम्हाला फिलिपिन्सचंही उदाहरण देईल, की 2025 च्या हार्बिन आशियाई हिवाळी स्पर्धेत त्यांच्या पुरुष संघाने दक्षिण कोरियाला अंतिम सामन्यात 5-3 ने हरवून सुवर्ण जिंकलं. पराक्रम मोठाच आहे. पण ते खेळाडू स्वित्झर्लंडमधल्या बर्फावर तयार झालेले होते. त्यांची तयारी आणि तुमच्या मुलींची तयारी यांची तुलना करून स्वतःला कमी लेखू नये.

आता तुमच्या मुलीकडे येतो. खरं सांगायचं तर मला या उत्तरात सर्वांत जास्त तिच्याशीच बोलायचं होतं.

स्पर्धेत दगड खेळाडूंचे नसतात. प्रत्येक शीटचे सोळा दगड ठरलेले असतात, आठ एका रंगाच्या दांड्याचे, आठ दुसऱ्या. सगळे एकाच प्रकारच्या ग्रॅनाइटचे, बहुधा स्कॉटलंडच्या एल्सा क्रेग बेटावरचे, तरी प्रत्येक दगडाचा तळ थोडा वेगळा झिजलेला असतो. एक दगड हट्टाने दोन फूट जास्त वळतो, दुसरा मीटरभर आधी थांबतो. उद्या आपण कुठल्या शीटवर, कुठल्या रंगाने खेळणार हे वेळापत्रकावरून कळतं. रात्री, दिवसाचे सामने संपल्यावर, संघांना सरावाला थोडा वेळ मिळतो. चौघी खेळाडू दमून हॉटेलवर गेलेल्या असतात. त्या वेळी बर्फावर जातात प्रशिक्षक आणि पाचवी खेळाडू. आठ दगड एकामागून एक, दोन्ही दिशांनी फिरवून, एकाच वेगाने सोडायचे, स्वीप न करता. कुठला लवकर थांबला, कुठला जास्त वळला ते लिहायचं आणि त्यांच्या चार जोड्या लावायच्या. सकाळी नाश्त्याच्या वेळी प्रत्येकीला तिच्या दोन दगडांचे क्रमांक आणि एका ओळीत स्वभाव सांगायचा.

हे काम कुणालाही जमत नाही. सलग सोळा-वीस फेकी एकाच वेगाने सोडता आल्या तरच दगडांतला फरक कळतो, नाहीतर आपल्याच फेकीतला फरक दगडावर जमा होतो. म्हणून वर सांगितलेला वेळ ओळखण्याचा सराव बाकीच्या चौघींपेक्षाही तिच्यासाठी गरजेचा आहे. संघातली सर्वांत एकसारखी फेक तिची झाली पाहिजे, हे तिचं दोन महिन्यांचं लक्ष्य. जोड्या लावताना सगळे आठ दगड तोलत बसू नये. बहुतेक दगड सारखेच निघतात, एखाददुसरा विक्षिप्त असतो, तो शोधायचा. सर्वांत जुळलेली जोडी स्किपला द्यायची. विक्षिप्त दगड मी बहुधा सेकंडला, म्हणजे दुसऱ्या फेकणारीला, देतो, कारण तिच्या वाट्याला टेकआउट (समोरच्यांचे दगड उडवणाऱ्या फेकी) जास्त येतात आणि जोराने मारलेल्या दगडात हे फरक कमी दिसतात. लीडला, म्हणजे पहिल्या फेकणारीला, तो देऊ नये. तिचे दगड हळू जातात आणि तिथे प्रत्येक खोड उघडी पडते.

दिवसा तिने स्टॉपवॉच आणि वही घेऊन प्रशिक्षकांच्या शेजारी बसायचं. आपल्या शीटवर बर्फ किती सेकंदांवरून किती सेकंदांवर गेला, कुठल्या बाजूला वळण कमी झालं, हे एंडगणिक लिहायचं. शेजारच्या शीटकडेही लक्ष ठेवायचं, विशेषतः उद्या आपण जिथे खेळणार तिथे. मधल्या विश्रांतीत खेळाडूंना यातली एक किंवा दोनच वाक्यं सांगायची. फेकीतल्या चुका तिने सांगू नयेत, ते प्रशिक्षकांचं काम आहे. बर्फ आणि दगड याबद्दल मात्र तिचा शब्द शेवटचा असावा, आणि हे प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर आधीच जाहीर केलेलं असावं.

आणि ती खेळाडू आहेच. आठवडाभराच्या स्पर्धेत कुणाला ताप येतो, कुणाचं पोट बिघडतं. नव्या एंडच्या सुरुवातीला तिला आत जावं लागू शकतं. त्यासाठी लीड आणि सेकंड दोघींबरोबर तिचा स्वीपिंगचा सराव झालेला हवा, कारण दोघींच्या उंचीत आणि तालात फरक असतो आणि जोडीचं स्वीपिंग एकत्र बसायला वेळ लागतो. दर आठवड्याच्या सरावात एक एंड तरी तिने एकीच्या जागी खेळावा. म्युअरहेडच्या ज्या संघाबद्दल वर लिहिलं, त्याची पाचवी खेळाडू मिली स्मिथ हिलाही बीजिंगचं सुवर्णपदक मिळालं. नियमच तसा आहे, आणि योग्य आहे.

तिने जावं का, या प्रश्नाचं उत्तर एका अटीवर अवलंबून आहे. तिने या आठवड्यात प्रशिक्षकांना भेटून सरळ विचारावं: रात्रीचा दगडांचा सराव माझ्याकडे असेल का? लास्ट स्टोन ड्रॉची आणि बर्फाच्या वेळांची वही मी ठेवू का? गटातल्या एखाद्या सामन्यात मला खेळवणार का, आणि तो कुठला ते आधी ठरवाल का? पहिल्या दोन प्रश्नांना होकार मिळाला तर तिने परीक्षा पुढे ढकलावी असं मी मनापासून म्हणेन. तिसऱ्याचं उत्तर गुणतक्त्यावर ठरेल, त्याचा आग्रह धरू नये. आणि प्रशिक्षक म्हणाले की हे सगळं मी एकटाच बघतो, तू फक्त संघाचा ट्रॅकसूट घालून बस, तर तिने घरी राहून परीक्षा दिली तरी मी तिला दोष देणार नाही. पण छोट्या संघांचे प्रशिक्षक बहुधा प्रवास, जेवण, कागदपत्रं असं सगळं एकटेच ओढत असतात. कुणी स्वतःहून हे काम मागितलं तर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

संघाचं वेळापत्रक आलं की किती शीट आहेत आणि रात्रीचे सराव किती वाजता आहेत ते कळवा. दगडांच्या नोंदीसाठी मी वापरतो तो तक्ता कसा आखायचा ते तिला लिहून पाठवतो.